ख्याती वजा जाता

२००६ सालच्या दिवाळीत आमच्या घरात एकाच वेळी तीन वाद चालू होते. पहिला माझ्या थोरल्या बंधूंचा. त्यांना आम्ही सर्व जण दादा म्हणतो. अमिताभचा 'डॉन' धडधाकट असताना तो पुन्हा काढण्याची गरजच काय, असा त्यांचा सवाल होता. दुसरा वाद माझ्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांचा. टीव्हीला जोडून खेळायचे गेमिंग कन्सोल घ्यायचे तर मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स ३६० घ्यावे, की सोनीचे प्लेस्टेशन ३ भारतात येईपर्यंत थांबावे, यावर तो आणि त्याचे मित्र फोनवर तासन्‌तास बोलत. तिसरा विषय दादांच्या मुलाचा होता. त्याला बार्शीतील आमच्या वडिलांचे कापडदुकान आतून पूर्ण मोडून नव्या पद्धतीने मांडायचे होते. पहिल्या दोन वादांत घरातील सर्व लहानथोर हिरिरीने भाग घेत. तिसऱ्याविषयी पानावर कोणी चकार शब्द काढत नसे, कारण त्याचे कागद माझ्या बॅगेत होते आणि माझे मत यायचे होते.

मी तेव्हा एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागात अधिकारी होतो. एम.कॉम.ची पदवी आणि पंचवीस वर्षांची नोकरी यांमुळे पैशाच्या बाबतीत घरात माझा शब्द अखेरचा मानला जाई. तो तसा मानला जाणे मला आवडे, हेही आता कबूल करण्यास हरकत नाही.

नवा 'डॉन' २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी प्रदर्शित झाला. दुकानातील वहीपूजन आटोपल्यानंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही दुपारीच सोलापूरला निघालो, एका नातेवाइकांकडे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकले आणि रात्रीचा खेळ गाठला. दादांनी १९७८ चा 'डॉन' सात वेळा पाहिलेला. त्यांतील दोन वेळा त्यांच्यासोबत मीही होतो, कॉलेजात शिकत असताना. त्यामुळे ते परीक्षकाच्या पवित्र्यात बसले. शाहरूख खान पडद्यावर आला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि ती नकारार्थी होती. मध्यंतरापर्यंत ही मान हलतच राहिली. पण शेवटी, ज्याला आपण तीन तास भोळाभाबडा विजय समजत होतो तो विजय नव्हेच, तो खुद्द डॉनच आहे, हे उघड झाले तेव्हा दादा खुर्चीत पुढे सरकले. बाहेर आल्यावर म्हणाले, "फसवलं रे. सात वेळा बघितलेल्या माणसालाच फसवलं." पुतण्या काही बोलला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले मात्र.

मूळ 'डॉन'ची कुळकथा मला पुष्कळ नंतर वाचायला मिळाली. कर्ज विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला तिच्याइतकी जवळची चित्रपटकथा दुसरी सापडणार नाही. कारण तो चित्रपट मुळात कर्ज फेडण्यासाठी निघाला होता. नरिमन इराणी हे नावाजलेले छायालेखक. त्यांनी निर्माता होऊन काढलेला 'जिंदगी जिंदगी' १९७२ साली पडला आणि त्यांच्या डोक्यावर लाखो रुपयांचे देणे झाले. छायालेखकाच्या कमाईतून ते फिटण्यासारखे नव्हते. 'रोटी कपडा और मकान'च्या वेळी एकत्र काम करणाऱ्या मंडळींनी, म्हणजे अमिताभ बच्चन, झीनत अमान आणि साहाय्यक दिग्दर्शक चंद्र बारोट यांनी, त्यांना आणखी एक चित्रपट काढण्याचा आग्रह केला आणि आपण साथ देऊ असे सांगितले. सलीम-जावेद यांच्याकडे एक संहिता पडून होती. ती कोणी घेत नव्हते, तिला धड नावही नव्हते. 'ती डॉनवाली संहिता' एवढीच तिची ओळख. चित्रपट पूर्ण होऊन लागण्यापूर्वीच इराणी एका अपघातात गेले. १२ मे १९७८ रोजी तो प्रदर्शित झाला तेव्हा जाहिरातीला पैसे नव्हते. पहिला आठवडा थंड गेला. पुढचे सर्वांना माहीत आहे. झालेल्या नफ्यातून इराणींच्या पश्चात राहिलेले देणे फेडले गेले.

या व्यवहारात तारण काय होते? काहीही नाही. माझ्या टेबलावर हा प्रस्ताव आला असता तर पहिल्याच पानावर मी नामंजुरीचा शेरा मारला असता.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना विशेष वाटेल. 'डॉन'चे संगीतकार कल्याणजी-आनंदजी हे कच्छहून मुंबईत येऊन किराणा दुकान घातलेल्या वीरजी शाह यांचे पुत्र. दुकानाची उधारी चुकवता न आलेल्या एका गिऱ्हाइकाने पैशाऐवजी या मुलांना संगीत शिकवले, अशी हकिकत सांगितली जाते. वसुलीचा हा प्रकार कोणत्याही बँकेच्या परिपत्रकात बसणार नाही. पानाचे ते सुप्रसिद्ध गाणेदेखील मूळ आराखड्यात नव्हते. उत्तरार्धात प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा हवी, असा सल्ला मनोजकुमार यांनी दिला आणि मग ते घातले गेले, असे बारोट यांनी सांगितलेले आहे.

अशा चित्रपटाला पुन्हा हात लावणारे फरहान अख्तर हे मूळ संहितेच्या दोन लेखकांपैकी एकाचे, जावेद अख्तर यांचे चिरंजीव. म्हणजे हादेखील एका अर्थी वडिलांच्या दुकानाचाच प्रश्न होता. त्यांनी कथा क्वालालंपूरला नेली, कपडे बदलले, यंत्रे बदलली. परंतु गाजलेली वाक्ये, पानाचे गाणे आणि 'डॉन' हे नाव जागच्या जागी ठेवले. मग ज्याची गिऱ्हाइकाला पुरेपूर खात्री होती तोच शेवट उलटा करून टाकला. सगळे पाठ असलेला प्रेक्षक हीच त्यांच्या धंद्याची पुंजी होती. ज्याने जुना 'डॉन' पाहिलेलाच नाही, त्याला तो धक्का निम्म्यानेही बसला नसता.

आम्हाला एम.कॉम.ला ख्यातीचे मूल्यांकन शिकवताना तीन प्राण्यांचे उदाहरण देत. मांजर घर सोडत नाही, मालक बदलला तरी तिथेच राहते. काही गिऱ्हाइके तशी जागेला धरून असतात. कुत्रा घराला नव्हे, धन्याला धरून असतो. धनी गेला की तोही गेला. आणि उंदराला घर ना धनी, दाणा दिसेल तिकडे. दुकान विकत घेताना गिऱ्हाइके यांपैकी कोणत्या जातीची आहेत ते पाहून ख्यातीची किंमत ठरवावी, असा तो पाठ होता. 'डॉन'चे प्रेक्षक अमिताभच्या मागे जाणारे आहेत असे दादा धरून चालले होते, आणि मीही. पण १९७९ साली एन. टी. रामाराव यांचा तेलुगू 'युगंधर' आणि १९८० साली रजनीकांत यांचा तमिळ 'बिल्ला' याच कथेवर चालले होते. धनी बदलूनही घर गजबजलेलेच राहिले होते, हे आम्हाला कुठे ठाऊक होते?

'शोले'ची गोष्ट वेगळी. २००७ च्या ऑगस्टअखेर 'राम गोपाल वर्मा की आग' आला. गब्बरच्या जागी साक्षात अमिताभ बच्चन होते, तरी लोकांनी पाठ फिरवली. मालकांची परवानगी नव्हती, ते प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दहा लाख रुपये भरण्याचा आदेश दिला. माझ्या मते दोष नटांचा नव्हता. 'शोले' लोकांनी कथेसाठी जपलेलाच नाही. त्यातील प्रत्येक आवाज, प्रत्येक खडक, झोपाळ्याची कुरकुर जशीच्या तशी हवी असते. अशा दुकानात कपाट सरकवले तरी गिऱ्हाईक दारातून परत फिरते. दादांनी तो चित्रपट पाहण्यास नकार दिला, आणि त्या एका बाबतीत त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले.

आता चिरंजीवांच्या वादाकडे. त्याने मला पटवण्यासाठी एका वहीत तक्ता तयार केला होता, आणि तो पाहून मी चकित झालो. यंत्राची किंमत, स्मरणशक्ती, कोणते खेळ कोणावर मिळतात, सर्व रकाने पाडून लिहिलेले. एक्सबॉक्स ३६० अमेरिकेत २००५ च्या नोव्हेंबरमध्येच आले होते, भारतात ते दिवाळीच्या तोंडावर पोहोचले होते आणि अक्षयकुमार व युवराजसिंग त्याची जाहिरात करीत होते. प्लेस्टेशन ३ जपान-अमेरिकेत नोव्हेंबरमध्ये येणार होते. अमेरिकेत त्याची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर जाहीर झाली होती. मी विचारले, "एवढं महाग का?" त्यावर तो म्हणाला, "बाबा, ते तरी तोट्यात विकतायत."

माझा विश्वास बसला नाही. नंतर वाचले तेव्हा कळले की मुलगा बरोबर होता. महागड्या प्रकारच्या एका यंत्राला सोनीला सुमारे ८४० डॉलर खर्च येतो, असा विश्लेषकांचा अंदाज होता. मार्च २००७ ला संपलेल्या वर्षात सोनीच्या खेळ विभागाला २३० अब्ज येनहून अधिक तोटा झाला. दाढीचे यंत्र स्वस्तात द्यायचे आणि पात्यांवर कमवायचे, तोच हा हिशेब. यंत्र घरात शिरले की पुढील पाच-सात वर्षे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक खेळामागे निर्मात्याकडून हिस्सा मिळत राहतो. मायक्रोसॉफ्टचाही हिशेब तोच, पण घाईने बाजारात आणलेली त्यांची यंत्रे तापून बंद पडू लागली. दर्शनी भागावरचे लाल दिवे लागले की ग्राहक समजे, यंत्र गेले. जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडासाठी हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. आमच्या भाषेत सांगायचे तर बुडीत खात्याची तरतूद. फक्त आकडा वाचताना दोनदा शून्ये मोजावी लागली.

या दोघांच्या झुंजीत तिसरा जपानी व्यापारी शांतपणे आपला गल्ला भरत होता. चिरंजीवांच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. निन्टेन्डो ही पेढी १८८९ साली क्योटोमध्ये पत्ते तयार करण्यासाठी निघाली. फुलांची चित्रे असलेले हाताने बनवलेले ते जपानी पत्ते. १९४९ मध्ये आजोबांच्या आजारपणामुळे संस्थापकांचे पणतू हिरोशी यामाउची शिक्षण अर्धवट टाकून गादीवर आले, तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकवीस-बावीस. कुटुंबातील दुसरे कोणी पेढीत नको, ही त्यांची अट होती, आणि त्यापायी त्यांच्या चुलतभावाला बाहेर पडावे लागले. भाऊबंदकीच्या कथा आपल्याकडेच घडतात असे नाही. यामाउचींनी अनेक धंदे करून पाहिले, त्यांतील काही साफ बुडाले, आणि अखेर खेळण्यांतून ते इलेक्ट्रॉनिक खेळांकडे वळले. २००२ पर्यंत, पन्नासहून अधिक वर्षे, त्यांनी गादी सांभाळली आणि मग ती सातोरू इवाता या कुटुंबाबाहेरच्या माणसाच्या स्वाधीन केली.

तिथे गुनपेई योकोई नावाचे एक अभियंता होऊन गेले. त्यांची धारणा अशी की अगदी नवे, महाग तंत्र घेऊ नये. जुने, स्वस्त झालेले, खोडी माहीत असलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा कोणाला सुचला नाही असा उपयोग करावा. निन्टेन्डोने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये 'वी' हे यंत्र आणले, ते याच वाटेने. ताकदीने ते त्यांच्या आधीच्या यंत्राहून फार पुढे नव्हते. किंमत २५० डॉलर, आणि तीही पहिल्या दिवसापासून नफ्यात. नवे एवढेच की हातातली कांडी हलवली की पडद्यावर बॅट हलते, चेंडू उडतो. ज्यांनी आयुष्यात बटणे दाबून खेळ खेळले नव्हते त्या आज्या, वृद्धाश्रमातली माणसे ते खेळू लागली. ही यंत्रे दहा कोटींहून अधिक विकली गेली. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट आठ कोटींच्या पुढे गेले, पण त्यासाठी दोघांनी किती रक्त आटवले ते वर सांगितलेच.

आणि गंमत अशी की त्याच निन्टेन्डोने २०१२ मध्ये 'वी यू' नावाचे नवे यंत्र आणले, तेव्हा नावाचा भरवसा त्यांना फार महाग पडला. नाव जवळजवळ तेच असल्यामुळे हे नवे यंत्र आहे की जुन्याला जोडायचा एखादा भाग, हेच पुष्कळांना कळले नाही. विक्री दीड कोटीपर्यंतही पोहोचली नाही. २०१४ मध्ये इवातांनी स्वतःचे वेतन काही महिन्यांसाठी निम्मे करून घेतले. पण त्या पडलेल्या यंत्रावरचा मोटारींच्या शर्यतीचा खेळ, 'मारिओ कार्ट ८', त्यांनी २०१७ मध्ये 'स्विच' या पुढच्या यंत्रावर थोडी भर घालून पुन्हा आणला आणि त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्या. माल तोच होता. दुकान चुकले होते.

मी चिरंजीवांना काय घेऊन दिले? प्लेस्टेशन २. तेव्हा सहा वर्षे जुने, म्हणून निम्म्याहून कमी भावात. तो आठवडाभर फुगून बसला. पुढे ते यंत्र जगभर पंधरा कोटींहून अधिक खपून पहिल्या क्रमांकाचे ठरले, हे त्यानेच मला सांगितले. तेवढे श्रेय मी घेतो.

राहिला तो तिसरा विषय. पुतण्याचा प्रस्ताव चौदा लाखांच्या कर्जाचा होता. अर्ज दुसऱ्या बँकेकडे जायचा होता. माझे काम घरगुती मत देण्याचे. गादी, लोडतक्के आणि पांढरी बैठक काढायची, मागची वखार दुकानात घ्यायची, थानाचे कापड हळूहळू कमी करून तयार कपडे आणि शाळांचे गणवेश ठेवायचे. पाटीवर आजोबांचे नाव तसेच. त्याने बार्शी आणि आसपासच्या शाळांची यादी केली होती, विद्यार्थिसंख्येसह. माझ्या मुलाच्या तक्त्याला मी कौतुकाने न्याहाळले, या यादीवरून मात्र नुसती नजर फिरवली.

मी ताळेबंद तपासला. त्यात मालमत्तेच्या बाजूला ख्यातीचे साठ हजार रुपये दिसत होते. १९६१ साली वडिलांनी भागीदाराला निवृत्त केले तेव्हा त्याला मोजलेली ती रक्कम, तेव्हापासून तशीच वहीत पुढे ओढलेली. बँकेचा नियम असा की कर्जदाराची खरी मत्ता काढताना ख्यातीसारख्या हाताला न लागणाऱ्या वस्तू वजा कराव्यात. मी लाल पेन्सिलीने त्या कलमावर आडवी रेघ ओढली. परतफेडीच्या क्षमतेचे गुणोत्तर १.२ येत होते. आम्ही किमान १.५ धरत असू. समासात लिहिले, 'साहस न करणे बरे.'

दादांनी कागद वाचलाही नाही. घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "तू बँकेतला माणूस. तू म्हणतोस तसं." पुतण्या म्हणाला, "बरं, काका." इतकेच. पाडव्यानंतर तो पुण्याला गेला आणि एका मोठ्या कपड्यांच्या दालनात नोकरीला लागला.

दुकान २०११ पर्यंत चालले. शेवटच्या दोन-तीन वर्षांत थानाचे कापड घेणारे लोक उरले नव्हते आणि दादांचे गुडघे मांडी घालू देत नव्हते. आज ती जागा भाड्याने दिलेली आहे, तिथे मोबाइल विकतात.

पुतण्याने २०१६ साली पुण्यात गणवेशांचे दुकान काढले. आजोबांचे नाव पाटीवर लावले. पहिल्या वर्षी आलेली बरीच गिऱ्हाइके मूळची बार्शीकडची, शिक्षण-नोकरीसाठी पुण्यात स्थायिक झालेली होती. रस्त्याने जाता जाता पाटीवरचे नाव वाचून आत येत आणि विचारत, "बार्शीचेच का?" तिथे ना जुनी जागा होती, ना जुना धनी. माझ्या पुस्तकातील तीन प्राण्यांत ही गिऱ्हाइके कोठे बसवावीत, मला समजले नाही. उद्घाटनाला दादा गेले होते. त्यांनी सगळीकडे पाहिले, गल्ल्याजवळ भिंतीला टांगलेला आमचा जुना लोखंडी गज हाताने चाचपला आणि विचारले, "गिऱ्हाईक बसतं कुठं?" त्याने खुर्ची आणून दिली.

त्या प्रस्तावाची एक प्रत माझ्या कपाटात अजून आहे. निवृत्तीनंतर एकदा काढून पुन्हा बेरजा केल्या. एकही आकडा चुकलेला नव्हता.

गेल्या दिवाळीत पुतण्या घरी आला आणि दुसऱ्या दुकानाचे कागद माझ्यापुढे ठेवले. "काका, एकदा नजर घाला," म्हणाला. अठरा वर्षांपूर्वीचा उल्लेख त्याने केला नाही, मीही केला नाही. ताळेबंदात ख्यातीचे कलमच नव्हते. तिच्यासाठी या वेळी कोणी कोणाला पैसे मोजले नव्हते, म्हणून लेखाशास्त्राच्या नियमाने ते असण्याचे कारणही नव्हते. शाळांची यादी मात्र होती. ती मी पहिल्या शाळेपासून शेवटच्या शाळेपर्यंत वाचली. मग त्याला विचारले, "पाटी कोणाकडून रंगवून घेणार आहेस?"